जळालेली दप्तरं आणि नळीतली थुंकी

३० जून १९२२. आयर्लंडमधल्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये मोठा स्फोट झाला आणि तिथला सरकारी दप्तरखाना खाक झाला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दीत! (धन्य ते बाबू.) म्हणजे १८४५ नंतरच्या दुष्काळात अमेरिकेला गेलेल्यांच्या वंशजांना मिळते ती थेट १९०१ ची खानेसुमारी, पूर्वज बोटीत बसून गेल्यावरची.

म्हणून मग लोक नळीत थुंकून डीएनए तपासतात. कॉर्कमधला कुणीतरी लांबचा भाऊ निघतो. अर्थात नशीब असेल तर, कारण खापरपणजोबा एकच असूनही सुमारे दहातल्या एका जोडीत मोजण्याजोगा तुकडाच सापडत नाही.

आणि सापडला तरी डीएनएवर गावाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं? ते कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत. त्या दप्तरखान्यात नव्हत्याच, म्हणून वाचल्या. त्यात जॉन मर्फी ढिगाने सापडतात. आपला कुठला, ते कळायला मात्र कॉर्कच्या त्या भावाला त्याच्या आजोळचं गाव विचारावं लागतं.