जायफळाची कॉफी आणि अक्कांचा फिल्टर

बेळगावच्या मराठी घरांविषयी लिहायचं म्हटलं की सीमाप्रश्न येतो, नाहीतर कुंदा. आज जरा कॉफीविषयी लिहिते.

सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, असं सांगतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मोठे मळे केले. पण चिक्कमगळूर म्हैसूर संस्थानात आणि आमचं बेळगाव मुंबई इलाख्यात. कॉफीचं झाड आमच्यापासून फार लांब नव्हतं, तरी स्वयंपाकघरात राज्य चहाचंच.

कॉफी व्हायची ती पाहुणा आला किंवा आजारी माणूस उठून बसला की. आजी दुधात साखर आणि चमचाभर पूड घालून खळखळ उकळायची, वर जायफळ किसायची. वास घरभर! पूड मात्र डब्यात महिनोन्‌महिने पडून असे. शिळी पूड आणि उकळून आलेला कडवटपणा झाकायलाच जायफळ लागत असावं, असं माझं मत. आजीपुढे ते बोलायची कुणाची छाती नव्हती.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. पुढे साठच्या दशकात आमच्या शेजारी हासनकडचं एक कन्नड कुटुंब बदलीवर आलं. त्यांना आम्ही 'अक्का' म्हणायचो. त्यांच्याकडे पितळेचा फिल्टर होता. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांड्याची चकती. आईला अक्कांनी मोडक्यातोडक्या मराठीत सगळं शिकवलं.

पूड आठवड्यापुरतीच आणायची, कारण दळल्यावर वास लवकर उडतो. फार बारीक नको, भोकं बुजतात. फार जाड नको, पाणी नुसतं वाहून जातं. तीन मोठे चमचे पूड, चकतीने हलकीच दाबायची. पाण्याला उकळी आली की अर्धा मिनिट थांबायचं. आधी थोडंसंच पाणी घालून पूड भिजू द्यायची, मग बाकीचं, सगळं मिळून कपभर. आणि झाकण लावून वीस मिनिटं हात लावायचा नाही. "घाई केलासा तर पाणीच पितासा," असं त्या म्हणायच्या. उकळायचं ते दूध, डिकॉक्शन कधीच नाही.

चिकोरीबद्दलही त्यांचं ठाम मत होतं. हे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने रंग आणि दाटपणा येतो, पण शंभरात वीसच्या वर गेलं की कॉफी मागे पडते. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणून पाकिटावरचा आकडा वाचूनच घ्यावं.

आमचे वडील दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जायचे. घसा बसवून घरी यायचे. तोवर अक्कांकडून डिकॉक्शनचा पेला आलेला असायचा, कारण त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटायला उशीर व्हायचा हे त्यांना माहीत होतं. वडील तो गुपचूप प्यायचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा फेरीला जायचे, आणि पेलाही यायचा. मागणी त्यांनी कधी सोडली नाही, आणि शेजारही सोडला नाही. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही सांभाळता येतं, हे बाहेरच्यांना पटवणं मात्र अवघड जातं.

आता मुलाने विजेचा कॉफी मेकर आणून दिलाय. यंत्र नवं, पण नियम अक्कांचेच. पूड ताजी आणि बेताची जाड, चिकोरी कमी. कॉफी खालच्या गरम पट्टीवर तासभर ठेवली की कडू होते, म्हणून लगेच थर्मासमध्ये ओतते. महिन्यातून एकदा व्हिनेगर-पाणी फिरवून क्षार काढते, मग दोनदा साधं पाणी. एवढं केलं की जायफळाची गरज उरत नाही. तरीही पाहुणे आले की चिमूटभर किसते. ते आजीसाठी!

तुमच्याकडे इंदूर, बडोदा, हैदराबादला कॉफी कशी आली? घरात जुना फिल्टर असेल तर फोटो टाका की!