पुढची तारीख

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघता बघता तुमचा डोळा लागतो. जाग येते तेव्हा भोर आणि वरंधा घाट मागे पडलेला असतो. समोर महाड, डिसेंबर १९२७.

भोवती अस्पृश्य ठरवलेली हजारो माणसं. २० मार्चला यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, म्हणून सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. माणसं पुन्हा आलीत. पण १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी कोर्टात दावा पडलाय आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम निघालाय. दोन दिवसांत! प्रतिवादी नंबर एक, डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

तुरुंगात जायची तयारी असलेल्या या लोकांना बाबासाहेब थांबायला सांगतात. मिरवणूक तळ्याला फेरी घालते. तुमच्याही घशाला कोरड पडलीय, पाणी चार पावलांवर आहे. शेजारच्या बापाच्या खांद्यावरचं पाच-सहा वर्षांचं पोर विचारतं, ‘आबा, प्यायचं नाय?’ बाप काही बोलत नाही. एकही ओंजळ बुडत नाही. एवढ्या तहानलेल्या माणसांनी कोर्टाचा कागद पाळला, हे आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं.

फेब्रुवारी १९२८मध्ये मनाई उठते; दावा चालूच राहतो. माणसाला पाणी पिऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे नाहीच. तळं खाजगी की नगरपालिकेचं? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे का? साक्षीपुरावा याचा. ८ जून १९३१ला महाडचं कोर्ट दावा फेटाळतं. वादी ठाण्याला अपिलात जातात.

सप्टेंबर १९३२मध्ये तुम्ही पुण्यात परतता, येरवड्याच्या तुरुंगापाशी. पुणे कराराच्या वाटाघाटी चालू आहेत. अख्ख्या देशातल्या अस्पृश्यांच्या वतीने बोलणाऱ्या बाबासाहेबांवरचा एका तळ्याचा खटला तिकडे ठाण्यात अजून पडून आहे. जानेवारी १९३३मध्ये तिथलंही अपील फेटाळलं जातं. मग मुंबई हायकोर्ट, दुसरं अपील.

१७ मार्च १९३७. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया निकाल देतात: रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, अपील नामंजूर.

खांद्यावरचं ते पोर आता पंधरा वर्षांचं असेल.