चाकोरी, छकडा आणि छकड्यावरचा माणूस

मंडळी, सातारा-सांगलीत नुसतं 'शर्यत' म्हटलं तरी लोक बैलगाडीचीच समजतात. पण आज मी सुरुवात मोटारीपासून करणार आहे. ओपन-व्हील मोटार म्हणजे जिची चारही चाकं उघडी असतात, वर मडगार्ड नाही, अशी शर्यतीची गाडी. फॉर्म्युला वनची गाडी डोळ्यांपुढे आणा. अशा दोन गाड्या एकामागे एक पळताना चाकाला चाक लागलं, की काय होतं? पुढच्या गाडीचं चाक फिरताना त्याची मागची बाजू खालून वर येत असते. ती मागच्या गाडीच्या चाकाला वर उचलते आणि अख्खी गाडी हवेत जाते. १९५० च्या दशकातले चालक तर पट्टाही बांधत नसत. गाडी पेटली तर आत अडकून जळण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. हेल्मेटची सक्ती झाली १९५२ मध्ये.

आता आपला छकडा बघा. दोन चाकं, मधे आस, पुढे दांडी आणि जू. वजन जेवढं कमी करता येईल तेवढं केलेलं. त्यावर एक माणूस, बैलांच्या शेपट्यांवर जवळजवळ ओणवा, हातात कासरा. आमच्या भागात त्याला गाडीवान कमी आणि 'ड्रायव्हर' जास्त म्हणतात. या छकड्याला ब्रेक नाही. पुणे जिल्ह्यातला घाट वेगळा, तिथे बाऱ्या होतात, गाड्याच्या पुढे घोडी पळते. विदर्भातला शंकरपट आणखी वेगळा. आपल्याकडे मैदान भरतं आणि त्यात शेजारी-शेजारी चाकोऱ्या आखलेल्या असतात. एकेका चाकोरीत एकेक गाडी. बैलानं चाकोरी धरली तोवर सगळं ठीक. त्यानं ती सोडली, की तो शेजारच्या गाडीच्या वाटेत जातो. आसाचं टोक दुसऱ्याच्या चाकात अडकतं, छकडा उलटतो, आणि ड्रायव्हर पडतो तो बरोबर मागून येणाऱ्या खुरांपुढे. आणि शर्यत निशाणापाशी संपली तरी बैल तिथे थांबत नाहीत. ते पुढे उभ्या असलेल्या गर्दीत शिरतात.

ही बैलं कुठली? खिल्लार. माणदेशची. आटपाडी महाल आणि म्हसवड हे त्यातले नावाजलेले प्रकार. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. कोरडा मुलूख, कमी चारा, लांबच्या वाटा. त्यातून हे चपळ, काटक जनावर घडलं. खरसुंडीच्या सिद्धनाथाची जत्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, इथल्या बाजारांत खिल्लाराची पारख व्हायची, आजही होते. पुढे ट्रॅक्टर आला आणि औतावरचं बैलाचं काम गेलं. मग खिल्लार ठेवायचा कशाला? शर्यतीसाठी, हे बऱ्याच घरांतलं खरं उत्तर आहे.

बंदीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नागराजा खटल्यात जल्लीकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी नाही, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयात ती अडकली. २० ऑगस्ट २०२१ ला आटपाडी तालुक्यातल्या झरे गावच्या परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकारानं, पोलीस बंदोबस्त असताना, भल्या पहाटे शर्यत पळवली गेली. त्याच वर्षी १६ डिसेंबरला न्यायालयानं अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १००० मीटरच्या वर नको, चाबूक नको, शॉक नको.

बैलाला टोचणं, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका देणं हे होत होतं. नाकारण्यात अर्थ नाही. बंदी मागणारे उगाच ओरडत नव्हते. पण एक गोष्ट या सगळ्या वर्षांत मला खटकत आली. कायदा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा, त्यामुळे वाद बैलाचाच झाला. एका बाजूला बैलाच्या वेदना, दुसऱ्या बाजूला परंपरा. छकड्यावरचा माणूस कुणाच्याच युक्तिवादात ठळक दिसला नाही. मैदानात समालोचक त्याचं नाव घेतो, हे खरं. पण फलकावर मोठ्या अक्षरात बैल आणि मालक. आणि पाय मोडून तो घरी बसला, तर त्याची नोंद कुठल्या वहीत?

मोटारींच्या जगात ही वही उघडायला लावली ती मरणांनी. १९६८ साली एप्रिल ते जुलै, महिन्याला एक असे चार नामवंत चालक गेले: क्लार्क, स्पेन्स, स्कार्फिओटी, श्लेसर. त्याआधी १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा इथे पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी उलथली. तो आत अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय, स्टीअरिंग निघत नाही. दोन सहस्पर्धकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून घेतला आणि स्टीअरिंग काढून त्याला सोडवलं. पुढे स्टुअर्ट तसा पाना गाडीतच चिकटवून ठेवू लागला आणि रुग्णवाहिका, डॉक्टर, कठडे यांसाठी भांडू लागला. त्याला काहींनी भित्रा म्हटलं. हा भित्रा तीनदा जगज्जेता झाला, बरं का.

'हेल्मेट घालून कुठे छकडा हाणतात का?' हे वाक्य आपल्याकडेही ऐकू येतं. २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीला पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस थार गाडी होती. बैलाच्या शर्यतीला मोटार! ज्या मैदानाला थार परवडते, त्याला ड्रायव्हरचं हेल्मेट, त्याचा विमा, निशाणापुढे रिकामी ठेवलेली जागा आणि जखमींची एक साधी वही परवडते, असं माझं मत आहे. यात्रा कमिटीची मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी बोलावं. आता प्रश्न घेतो.