निळी वेस, हिरवी वेस : फेझमधला एक दिवस

मंडळी, आज तत्त्वज्ञानाला सुट्टी. म्हणजे पूर्ण नाही, ती सवय आता सुटायची नाही. आज मोरोक्कोतल्या फेझ या शहराबद्दल बोलायचं आहे. तिथल्या जुन्या भागात, म्हणजे मदीनात, आम्ही गाईडबरोबर एक अख्खा दिवस हिंडलो. आम्ही म्हणजे आठ-दहा मराठी माणसं, बहुतेक पेन्शनर.

सकाळी गाईडने आम्हाला बाब बू जलूद या वेशीसमोर उभं केलं. मोठ्या कमानी, बाहेरून निळी नक्षी, आतून हिरवी. निळा रंग फेझचा, हिरवा इस्लामचा, असं त्याने सांगितलं. मोबाईल निघाले, फोटो झाले. आपण आता हजार-बाराशे वर्षं मागे चाललो, अशी सगळ्यांची भावना. गंमत बघा, ही वेस 1913 सालची आहे. फ्रेंच अमलात बांधलेली. खरी जुनी वेस तिच्या बाजूलाच आहे, साधी, बिनरंगाची. तिच्याकडे कुणी मान वळवत नाही.

मार्च 1912 मध्ये फेझच्या तहाने मोरोक्को फ्रान्सच्या 'संरक्षणा'खाली गेला. एप्रिलमध्ये शहरात बंड झालं, फ्रेंचांनी तोफा डागल्या. त्यानंतर रेसिडेंट-जनरल म्हणून ल्योते आला. त्याचं धोरण असं, की जुन्या शहराला हात लावायचा नाही. युरोपियनांसाठी तटाबाहेर नवं शहर वसवायचं आणि राजधानी रबातला न्यायची. मदीना वाचली ती त्यामुळेच, हे मान्य करायला हवं. पण पैसा, कचेऱ्या, रुंद रस्ते सगळं तटाबाहेर गेलं. जनेट अबू-लुघोद या अभ्यासिकेने रबातवरच्या आपल्या 1980 च्या ग्रंथात याला सरळ 'नागरी वर्णभेद' म्हटलं आहे. आम्हाला तो शब्द जड वाटत नाही. 1981 मध्ये मदीना जागतिक वारसा यादीत गेली. ज्या गल्लीत मोटार शिरत नाही म्हणून आपण खूश होतो, तिथे आजही गॅसचं सिलिंडर गाढवावरून येतं. मागून 'बालक, बालक' अशी हाळी आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं.

पुढे करवीयीन मशिदीचं दार. बिगर-मुसलमानांनी उंबऱ्यातूनच आत पाहायचं. "पुरातन परंपरा दिसते," आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले. तर ती बंदी आजच्या रूपात ल्योतेच्याच काळातली!

तिथे गाईडने फातिमा अल-फिहरीची गोष्ट सांगितली. कैरवानहून आलेल्या व्यापाऱ्याची मुलगी. वडिलांचा वारसा मिळाला, तो तिने सगळा या मशिदीवर खर्च केला. साल 859. तिची बहीण मरियम, तिने नदीपलीकडे अंदलुसी मशीद बांधली. आमच्याबरोबर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांचे डोळे भरून आले.

आणि आम्ही, प्राध्यापकी खोडच ती, लगेच तोंड उघडलं. ही गोष्ट आपल्याला मुख्यतः इब्न अबी झर या 14व्या शतकातल्या इतिहासकाराकडून कळते, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी. दोन बहिणी, दोन काठ, दोन मशिदी, हे फारच जुळवून आणल्यासारखं आहे. शिवाय 20व्या शतकात दुरुस्ती करताना मशिदीत एक कोरीव लेख सापडला. त्यात हिजरी 263, म्हणजे इसवी सन 877, आणि बांधणारा म्हणून इद्रिसी घराण्यातल्या दाऊदचं नाव आहे.

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मग घरी गेल्यावर नातीला काय सांगू?"

हा प्रश्न आमच्यावर कुठल्या तोंडी परीक्षेत आला नव्हता. आम्ही म्हटलं, "दोन्ही सांगा." ते टाळाटाळीचं उत्तर नव्हतं. लेखावरून 9व्या शतकाबद्दल काही कळतं. गोष्टीवरून कळतं ते 14व्या शतकाबद्दल, की आपली सर्वांत थोर वास्तू एका बाईने उभी केली, असं सांगण्यात या शहराला भूषण वाटत होतं. हाही पुरावाच की! आणि तिथल्या ग्रंथालयाच्या अलीकडच्या दुरुस्तीची वास्तुविशारद अझिझा शाउनी, फेझमध्येच जन्मलेली. ते नाव नातीला बेधडक सांगा, तिथे शंका नाही.

चर्मकुंडांवर आम्ही फार रेंगाळलो नाही. चुना, कबुतरांची विष्ठा आणि नाकाशी धरायला पुदिन्याची काडी, एवढं पुरे.

पण एक गोष्ट गाईडने सांगितली नाही, ती आम्ही सांगितली. याच शहरात सुलतान अबू इनानच्या हुकमावरून इब्न बतूताने आपलं प्रवासवर्णन तोंडी सांगितलं आणि इब्न जुझय्यने ते लिहून काढलं. काम 1355 च्या अखेरीस संपलं. बू इनानिया मदरशाचं नक्षीकाम बघायला सगळे थांबतात, तो याच सुलतानाचा. आणि त्या मजकुरात दौलताबाद आहे, गोवा आहे, नंदुरबार आहे! तिथले मराठे भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, असं तो सांगतो. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी आपल्या माणसांच्या जेवणाची नोंद झाली ती फेझमध्ये, बरं का.

गाईड चकित झाला. त्याने खिशातून वही काढली आणि 'नंदुरबार' तीनदा म्हणून घेऊन अरबीत लिहून ठेवलं. आता पुढच्या मराठी मंडळींना तो ही गोष्ट सांगत असणार. तोवर तिच्यात एखादी बहीणही आली असेल.