भोपळा कुणाचा?

श्रोतेहो, मागच्या व्याख्यानात आपण अभावाचा विचार केला. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ सांगितले, पुढे अभाव हा सातवा जोडला. पण अभाव नुसता नसतो. 'जमिनीवर घडा नाही' म्हणताना कशाचा अभाव आणि कुठे, ही दोन्ही उत्तरं द्यावी लागतात. व्याख्यान संपल्यावर एकाने विचारलं, "सर, याचा रोजच्या जगण्यात काय उपयोग?" आज आम्ही त्यांना मैदानावर नेतो.

फलंदाज शून्यावर बाद झाला की आपण म्हणतो, भोपळाही फोडता आला नाही. इंग्रजांना त्याच गोल शून्यात बदकाचं अंडं दिसलं. पुढे अंडं गळालं आणि नुसतं बदक उरलं, तेच 'डक'. दोन्ही शब्द हसतात ते बाद होणाऱ्याला.

आता अमेरिकेतलं बेसबॉल पाहू. २३ जुलै १८७० रोजी न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघाने शिकागोच्या व्हाइट स्टॉकिंग्जला ९-० असं हरवलं. त्या काळी धावांचा पाऊस पडायचा. एखाद्या संघाची एकही धाव होऊ नये, हे नवल होतं. लगेच क्रियापद तयार झालं, 'शिकागो होणे'! अख्ख्या शहराचं नाव नामुष्कीला चिकटलं आणि कित्येक वर्षं वापरात राहिलं.

पुढे 'शटआउट' हा शब्द रुळला आणि गंमत झाली. शून्य तेच, पण आता ते चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या नावावर जमा होऊ लागलं. वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनच्या खात्यावर असे ११० सामने आहेत. तो विक्रम अजून त्याचाच आहे. म्हणजे शब्द बदलला आणि शून्याचा मालक बदलला.

क्रिकेटमध्येही हेच. ज्या षटकात धाव नाही ते 'मेडन', आपलं निर्धाव षटक. इथे शून्य गोलंदाजाचं भूषण. जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध कसोटी. आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी सलग २१ षटकं निर्धाव टाकली. डावातलं पृथक्करण : ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. शेवटचा आकडा पाहिलात? तिथेही शून्यच आहे, बरं का! एकाच ओळीत एक अभाव कीर्तीचा आणि दुसरा हातात काही न लागल्याचा. सामना अनिर्णित राहिला. लोकांच्या लक्षात मात्र राहिली ती निर्धाव षटकं.

आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या, काहींवर शून्यही लिहिलं. ते शून्य विद्यार्थ्याच्या नावे पडलं. त्यातलं आमच्या शिकवण्याचं किती, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. अभाव कशाचा आणि कुठे, हे वर्गात शिकवत होतो आम्हीच!

प्रश्न विचारणाऱ्या त्या गृहस्थांना एवढंच उत्तर. भोपळा दिसला की आधी विचारावं, हा कुणाचा?