युरोस्टाइल: साठ वर्षांपूर्वीचं ‘भविष्य’ दाखवणारा फॉन्ट

युरोस्टाइल हा भौमितिक घडणीचा फॉन्ट इटलीच्या आल्दो नोवारेसे यांनी १९६२ मध्ये तुरिनच्या नेबिओलो टाइप फाउंड्रीसाठी तयार केला. याच फाउंड्रीच्या १९५२च्या ‘मायक्रोग्रामा’मध्ये फक्त कॅपिटल अक्षरं होती, युरोस्टाइलमध्ये स्मॉल अक्षरंही आली.

यातला ‘ओ’ पूर्ण गोल नाही. तो जुन्या टीव्हीच्या पडद्यासारखा, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन आहे. १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ चित्रपटात हा फॉन्ट दिसतो. पुढे विज्ञानपटांनी तो इतका वापरला की, ही अक्षरं म्हणजे भविष्यकाळ, असं समीकरणच झालं.

मात्र गोल अक्षरं चौकोनी झाल्याने ती एकमेकांसारखी दिसतात. म्हणून लोगो, शीर्षकं आणि पाट्यांवर तो शोभतो; सलग मजकुरात डोळ्यांना थकवतो.