पडद्याखालची पेटी

कोकणातल्या पिंगुळीच्या गुढीपुरात ठाकर मंडळींनी चित्रांची पोथी सोडली की फूटभर उंचीच्या कागदात अख्खं रामायण उभं राहतं. पाठीला पाठ लावून चिकटवलेले दोन कागद, दोन्ही अंगांना चित्र. चळत समोर उभी करून सूत्रधार बसतो; हाती वीणा, शेजारी हुडुक आणि टाळ. कथा पुढं सरकली की पुढचं चित्र मागं जातं. सीता अशोकवनात पोचली की हुडुक दबकत वाजतो, आणि मारुती फांदीवर दिसला रे दिसला की तोच हुडुक उसळतो. चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातही हीच तऱ्हा. पडद्यामागं दिवा, कापडाला टेकलेली बाहुली आणि अंधारातून येणारा गाणाऱ्याचा आवाज.

हे पाहत वाढलेला माझा आजो वेंगुर्ल्याहून बोटीत बसून मुंबईला गिरणीत लागला, तेव्हा बोलपट यायचा होता. सुटीच्या दिवशी तो गिरगावात सिनेमाला जायचा. म्हातारपणी पडवीत बसून सांगायचा तेव्हा गोष्ट नटांची कमी आणि पडद्याखाली बसणाऱ्यांची जास्त असायची. ‘झिला, थयसर पेटयेवालो बसायचो. नदर वर, हात पेटयेर. मारुती उडाक लागलो काय तबलजी असो काय तुटान पडायचो!’ पडद्यावर अक्षरं आली की ज्याला वाचता येई तो मोठ्यानं वाची, बाकीचे ऐकत. मुका चित्रपट मुका असतो, असं आजोच्या बोलण्यात कधीच आलं नाही. गावी पोथी जशी पाहिली-ऐकली, तशीच त्यानं मुंबईत फिल्म पाहिली.

त्याला हे नवल वाटलं नाही याला कारण आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, त्याच्या एकवीस वर्षं आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि सोबत निवेदन, संगीत. म्हणजे चित्र दाखवणारा आणि ते बोलतं करणारा, ही जोडी सिनेमाच्या आधीपासून आपल्याकडं होती. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. दशावतारातली पुरुषांनी घेतलेली स्त्रीपात्रं डोळ्याखालून गेलेल्या आमच्या चाकरमान्यांना त्यात काय जड?

परदेशात मोठ्या चित्रपटगृहांनी मूकपटांसाठी भिंतीएवढे ऑर्गन बसवले. आपल्याकडं ऑर्गनचं घर संगीत नाटकात. बालगंधर्वांच्या गाण्यामागं हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे. कोकणात त्याची धाकटी बहीण पायपेटी. दशावताराचा पेटीवाला मला मूकपटाच्या वादकाचा सख्खा भाऊ वाटतो. समोर संहिता नाही, स्वरलिपी नाही. पाय भात्यावर, नजर नटावर. संकासुर पाय आपटत आला की काय वाजवायचं आणि राजा शोकात बसला की किती थांबायचं, हे तो त्याच क्षणी ठरवतो. जत्रेत त्याच्या उजव्या हाताला बसून मी कितीदा पाहिलंय: नट श्वास घेतो न घेतो तोवर बोट पुढच्या सुरावर टेकलेलं असतं.

१४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पडदा स्वतःच बोलू लागला. पडद्याखालच्या माणसांची गरज सरली. काही स्टुडिओंच्या वाद्यवृंदात गेले, बाकीचे कुठं पांगले? बहुतेकांची नावंही कुणी टिपून ठेवली नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते. फाळक्यांची जी थोडी रिळं उरली ती पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपली आहेत, पण त्यांच्यासोबत रोज संध्याकाळी जे वाजलं, ते हवेत विरलं.

पिंगुळीत नेमकं उलट झालं. जुन्या पोथ्यांमधली कित्येक चित्रं गावाबाहेर गेली, संग्रहालयांत पोचली; गाणं मात्र घराघरांतल्या तोंडी राहिलं. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुढची पिढी आजही पोथी सोडते, कळसूत्री बाहुल्या नाचवते.

म्हणून एक गोष्ट मला फार हवी आहे. फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालियामर्दन’चा बराचसा भाग टिकला आहे. त्यात त्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. कथा सुरू होण्याआधी ती नुसत्या चेहऱ्यानं एकामागून एक भाव दाखवते. ती फिल्म पिंगुळीत, मोकळ्या अंगणात, कापड ताणून दाखवावी. पडद्याखाली एका बाजूला दशावताराची पायपेटी आणि मृदंग, दुसऱ्या बाजूला वीणा-हुडुक घेऊन ठाकर. त्यांना आधीपासून काही लिहून देऊ नये. मंदाकिनीचा चेहरा हसरा होईल, मग रुसेल, तेव्हा काय वाजवायचं ते त्यांचं त्यांना कळेल.